रंगमंचावरील धुके : ड्राय आइसच्या वापरामागील विज्ञान आणि सुरक्षिततेचा विचार

बीजसंज्ञा : ड्राय आइस, संप्लवन, कार्बन डायऑक्साइड, नेपथ्य, रंगमंचीय परिणाम, वायुवीजन

प्रस्तावना :

मराठी रंगभूमीचे धुराशी असलेले नाते जुने आहे. १८४३ साली सांगली येथे विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केल्यानंतर पौराणिक खेळांची जी परंपरा रुजली, तिच्यात राक्षसाचा प्रवेश राळेच्या भपकाऱ्यासह होत असे. पेटत्या मशालीवर राळेची पूड फेकली की क्षणभर ज्वाला उसळे, धुराचा लोट उठे आणि त्यातून आरोळी ठोकीत राक्षस प्रकट होई. पाश्चात्य रंगभूमीवरही याच हेतूने निरनिराळे मार्ग शोधले गेले. १८७६ साली जर्मनीतील बायरॉइट येथे रिचर्ड वॅग्नर यांच्या 'रिंग' या संगीतिकामालेच्या पहिल्या संपूर्ण प्रयोगात बॉयलरमधील वाफ रंगमंचावर सोडण्यात आली होती. राळेत आगीचे भय होते, वाफेत भाजण्याचे. दोन्ही भये डोळ्यांना दिसणारी होती, त्यामुळे कलावंत आपोआप सावध राहत असत.

आज नाटक, नृत्यनाट्य, शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आणि विवाहसमारंभातील वधू-वरांचे आगमन अशा अनेक प्रसंगी ड्राय आइसचे धुके वापरले जाते. जमिनीलगत पसरणारा, दुधासारखा पांढरा, वास नसलेला आणि डोळ्यांना न झोंबणारा असा हा परिणाम असल्यामुळे तो निरुपद्रवी आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. ही समजूत कोठे योग्य आहे आणि कोठे घातक आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

धूर की धुके?

नाट्यव्यवसायात या परिणामास सरसकट 'धूर सोडणे' असे म्हटले जाते. शास्त्रीयदृष्ट्या हा शब्दप्रयोग चुकीचा आहे आणि चूक केवळ शब्दाची नाही. धूर म्हणजे ज्वलनातून निर्माण झालेले सूक्ष्म घनकण. तो उष्ण असल्याने वर जातो, घशाला खवखवतो, खोकला आणतो. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब. ड्राय आइसपासून जे पांढरे दिसते ते धुके होय. धुरात सापडलेला मनुष्य खोकत बाहेर पडतो. धुक्यात उभा असलेला मनुष्य मात्र प्रसन्नपणे उभा राहतो. परंतु या धुक्याबरोबर एक अदृश्य वायूही आलेला असतो, आणि लेखाचा खरा विषय तो वायू आहे.

ड्राय आइसचे स्वरूप :

ड्राय आइस म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड. फ्रेंच संशोधक थिलोरिए यांनी १८३५ च्या सुमारास या घनपदार्थाचे वर्णन केले. त्याचे व्यापारी उत्पादन मात्र १९२० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाले आणि 'ड्राय आइस' हे तेथील एका कंपनीचे व्यापारी नावच पुढे सर्वसामान्य नाम बनले. अमोनियानिर्मिती किंवा मद्यार्कासाठी होणारे किण्वन यांसारख्या प्रक्रियांतून उपपदार्थ म्हणून मिळणारा कार्बन डायऑक्साइड शुद्ध करून दाबाखाली द्रवरूप केला जातो. हा द्रव एकाएकी कमी दाबात सोडला की त्याचा काही भाग वायू होऊन निघून जातो आणि उरलेला भाग गोठून बर्फाच्या भुशासारखा होतो. हा भुसा दाबून लाद्या किंवा बोटभर जाडीच्या कांड्या तयार करतात.

नेहमीच्या वातावरणीय दाबाला कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहू शकत नाही. त्यासाठी वातावरणाच्या पाचपटींहून अधिक दाब लागतो. म्हणून उणे ७८.५ अंश सेल्सिअस तापमानाला हा घनपदार्थ न वितळता थेट वायूत रूपांतरित होतो. यालाच संप्लवन म्हणतात, आणि 'ड्राय' म्हणजे कोरडा हे विशेषण त्यावरूनच आले. एक किलो ड्राय आइसचे आकारमान पाऊण लिटरहूनही कमी असते. संप्लवनानंतर खोलीच्या तापमानाला त्यापासून सुमारे ५५० लिटर वायू तयार होतो. ही एक संख्या लक्षात ठेवली तरी पुढील बहुतेक विवेचन सहज उलगडते.

धुके निर्माण कसे होते?

कार्बन डायऑक्साइड वायू रंगहीन आहे. मग पांढरे काय दिसते? अतिशीत वायूमुळे भोवतालच्या हवेतील बाष्प थंड होऊन त्याचे थेंब बनतात, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. उघड्यावर ठेवलेल्या ड्राय आइसभोवती जो विरळ पांढरट पदर दिसतो, त्याला हे उत्तर पुरेसे आहे. परंतु ड्राय आइस गरम पाण्यात टाकल्यावर जे दाट लोट उसळतात त्यांचा उलगडा तेवढ्याने होत नाही. २०१५ मध्ये रसायनशास्त्राच्या अध्यापनाविषयीच्या एका अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या प्रश्नाचा वेगळा उलगडा केला. त्यानुसार पाण्याखाली ड्राय आइसपासून निघणाऱ्या बुडबुड्यांतच धुके तयार होते. बुडबुड्याच्या आतील वायू अतिशीत असतो, तर भिंत कोमट किंवा गरम पाण्याची असते. भिंतीवरील पाण्याची वाफ बुडबुड्यात शिरते, तेथेच तिचे संघनन होते आणि बुडबुडा पृष्ठभागावर फुटताच थेंबांनी भरलेला वायू बाहेर पडतो. म्हणजे रंगमंचावरील धुके हे मुख्यतः पिंपातील पाण्याचेच धुके असते. पाणी जितके गरम तितके धुके दाट, हा नेपथ्य सांभाळणाऱ्यांचा अनुभव या स्पष्टीकरणाशी जुळतो.

पाणी लवकर थंड का पडते, हेही गणिताने दाखविता येते. एक किलो ड्राय आइसच्या संप्लवनासाठी सुमारे ५७० किलोज्यूल उष्णता लागते; वायू तापण्यासाठी लागणारी उष्णता धरल्यास हा आकडा सव्वासहाशेच्या पुढे जातो. ३० लिटर पाण्यातून एवढी उष्णता काढून घेतल्यास त्याचे तापमान सुमारे ५ अंशांनी उतरते. पाच किलो ड्राय आइस वापरल्यास ८० अंशांचे पाणी ५५ अंशांवर येते. पाणी फारच थंड झाले तर ड्राय आइसच्या तुकड्यांभोवती पाण्याचा बर्फ जमतो, संप्लवन मंदावते आणि ऐन प्रवेशात धुके रोडावते. या कामासाठीच्या यंत्रात पाणी तापविण्याची सोय, ड्राय आइस पाण्यात बुडविण्याची जाळीदार टोपली, एक पंखा आणि धुके वाहून नेणारी रुंद नळी असते. टोपली वर उचलली की धुके थांबते. नियंत्रणाची एवढीच कळ. कित्येक हौशी संस्था मात्र प्लॅस्टिकचे पिंप आणि पाणी तापविण्याचा साधा रॉड यांवर काम भागवितात. ओल्या रंगमंचावर, अर्थिंगची खात्री न करता विजेचा रॉड लावणे हा स्वतंत्र धोका आहे आणि त्याचे समर्थन कोणत्याही काटकसरीने होऊ शकत नाही.

धुके जमिनीलगत का राहते?

कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४, तर हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९. म्हणजे समान तापमानाला हा वायू हवेच्या जवळजवळ दीडपट जड असतो. शिवाय यंत्रातून बाहेर पडताना तो थंडही असतो. जडपणा आणि थंडपणा या दोहोंमुळे धुके पाण्यासारखे वाहते : पायऱ्यांवरून ओघळते, रंगमंचाच्या कडेवरून खाली सांडते, खोलगट जागेत साचते. थेंबांवरून पांढऱ्या प्रकाशातील सर्व रंगांचे विकिरण जवळजवळ सारखेच होत असल्याने, म्हणजे ते सारख्याच प्रमाणात विखुरले जात असल्याने, धुके पांढरे दिसते आणि प्रकाशयोजनाकार जो रंग टाकील तो रंग धारण करते. विंगेतून खालच्या पातळीवर तिरपा निळा प्रकाश टाकला की चांदण्यातील नदी उभी राहते. या परिणामाला तोड नाही, हे मान्य केलेच पाहिजे. ग्लायकॉलयुक्त द्रव तापवून चालणाऱ्या स्मोक मशीनचे धुके उष्ण असल्याने वर चढते. ते वातावरण धूसर करते, परंतु पायांखाली ढग पसरविणे त्याला साधत नाही.

डोळ्यांना दिसणारे आणि न दिसणारे :

येथे मुख्य मुद्दा येतो. धुके आणि वायू यांचा प्रवास सुरुवातीला एकत्र होतो, पण शेवट एकत्र होत नाही. दिव्यांच्या उष्णतेने आणि भोवतालच्या हवेत मिसळल्याने धुक्यातील थेंबांचे बाष्पीभवन होते आणि पांढरा रंग दोन-तीन मिनिटांत नाहीसा होतो. कार्बन डायऑक्साइड मात्र कोठेही नाहीसा होत नाही. तो हळूहळू हवेत मिसळतो. जेथे हवा खेळत नाही अशा खोलगट जागेत बराच वेळ साचून राहतो. 'धुके गेले, म्हणजे वायूही गेला' हा निष्कर्ष म्हणूनच फसवा ठरतो.

इटलीतील नेपल्सजवळील 'कुत्र्यांची गुहा' या तत्त्वाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ज्वालामुखीय प्रदेशातील या लहानशा गुहेत जमिनीतून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड तळाशी साचत असे. उभ्या माणसाला काही होत नसे. त्याच्यासोबत आत नेलेला कुत्रा मात्र बेशुद्ध पडे. पूर्वीच्या काळी वाटाडे प्रवाशांना हा प्रयोग पैसे घेऊन दाखवीत. प्रयोगाची क्रूरता बाजूला ठेवली तरी त्यातील शास्त्र रंगमंचाला जसेच्या तसे लागू पडते. प्रश्न नाक किती उंचीवर आहे, हा आहे.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के असते. अमेरिकेत प्रचलित असलेल्या कार्यस्थळविषयक मर्यादांनुसार आठ तासांच्या कामासाठी सरासरी ०.५ टक्के आणि पंधरा मिनिटांच्या अल्पकाळासाठी ३ टक्के हे प्रमाण ग्राह्य धरले जाते. ४ टक्के ही पातळी जीवितास तत्काळ धोकादायक मानली जाते. ३ टक्क्यांच्या आसपास श्वास खोल व जलद होतो, ५ टक्क्यांना दम लागतो, डोके दुखते आणि घेरी येते, ७ ते १० टक्क्यांना काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते.

आता एक साधे गणित मांडू. रंगमंच ९ मीटर रुंद व ६ मीटर खोल आहे आणि धुके अर्धा मीटर उंचीपर्यंत पसरले आहे, असे समजू. या थराचे आकारमान २७ घनमीटर होते. ३ किलो ड्राय आइसपासून सुमारे १.६५ घनमीटर वायू मिळतो. तो सर्व या थरात राहिला तर तेथील प्रमाण ६ टक्के होईल. ५ किलो वापरल्यास १० टक्के. प्रत्यक्षात बराच वायू कडेवरून ओघळतो व वरच्या हवेत मिसळतो, त्यामुळे सरासरी प्रमाण याहून कमी राहते. पण नळीच्या तोंडाशी ते पुष्कळच अधिक असते. याउलट हाच ५ किलोंचा वायू २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ७ मीटर उंच प्रेक्षागृहात सारखा मिसळला तर त्याने प्रमाणात होणारी वाढ जेमतेम ०.१३ टक्के असते. म्हणून खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला सहसा धोका नाही आणि उभे राहून संवाद म्हणणाऱ्या नटालाही फारसा नाही.

धोका आहे तो आडव्या देहाला. मरणशय्येवरील पात्र, युद्धभूमीवर पडलेले सैनिक, जमिनीलगतच्या हालचाली करणारा नर्तक यांचे नाक थेट त्या थरात असते. स्नेहसंमेलनांतील क्षीरसागराचा देखावा या दृष्टीने विशेष विचार करावा असा आहे. शेषशायी विष्णूची भूमिका करणारे आठ-दहा वर्षांचे मूल धुक्यात निजलेले असते, निश्चल राहण्याची त्याला सक्त सूचना असते आणि टाळ्या पडत असल्याने देखावा लांबविला जातो. त्या मुलाला घेरी आली तरी ते उठणार नाही, आणि बेशुद्ध झाले तरी ते भूमिकेतच आहे असे पाहणाऱ्यांना वाटेल. विवाहाच्या कार्यालयात धुके सुटताच लहान मुले त्यात धावतात, बसतात, ओंजळीने ते उडवितात. त्यांच्या उंचीचाही असाच विचार व्हायला हवा. देखाव्यातील पात्राला धुक्याच्या थराहून उंच चौथऱ्यावर निजविले तर प्रेक्षकांना फरक कळत नाही आणि प्रश्न सुटतो.

दुसरे धोक्याचे स्थान म्हणजे रंगमंचासमोरील खोलगट जागा. संगीत नाटकांच्या परंपरेमुळे अनेक नाट्यगृहांत ऑर्गन व तबला वादकांची बैठक तेथे असते. रंगमंचावरून सांडणारे धुके नेमके तेथेच उतरते. रंगमंचाखालचे तळघर आणि खाली उघडणारी झडप यांचेही तेच.

प्राणवायू मोजणे पुरेसे का नाही?

या संदर्भात एक गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो : कार्बन डायऑक्साइड केवळ प्राणवायूला बाजूला सारून गुदमरवितो. तसे असते तर १० टक्के प्रमाण फारसे घातक ठरले नसते. कारण त्यावेळी ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून केवळ १८.८ टक्क्यांवर आलेला असतो. वस्तुतः हा वायू रक्तात विरघळून रक्ताची आम्लता वाढवितो आणि मेंदूतील श्वसनकेंद्रावर व चेतासंस्थेवर स्वतंत्र परिणाम करतो. म्हणून ऑक्सिजनमापक समाधानकारक आकडा दाखवीत असताना मनुष्य बेशुद्ध पडू शकतो. मोजायचा तर कार्बन डायऑक्साइडच मोजला पाहिजे, आणि तोही माणसाच्या डोक्याच्या उंचीवर नव्हे तर रंगमंचाच्या तळाशी.

जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील सोडून पाहण्याची ग्रामीण रीत सर्वपरिचित आहे. ती शहाणपणाची असली तरी येथे अपुरी आहे. ज्योत विझेपर्यंत माणसाला अपायकारक असलेली पातळी ओलांडलेली असू शकते. विहिरीच्या दुर्घटनांतील दुसरा धडा मात्र तंतोतंत लागू पडतो. आत पडलेल्याला काढण्यासाठी घाईने उतरलेला दुसरा मनुष्यही तेथेच कोसळतो. खोलगट जागेत कोणी पडल्यास प्रथम दारे उघडून, जमिनीच्या पातळीवर पंखा लावून हवा खेळती करणे, आणि मगच एकाने बाहेर उभे राहून दुसऱ्याने आत जाणे, हा क्रम पाळला गेला पाहिजे.

फेब्रुवारी २०२० मध्ये मॉस्को येथे घडलेली दुर्घटना या सर्व विवेचनाचे दुःखद प्रात्यक्षिक ठरली. वाढदिवसाच्या समारंभात धुक्याचा देखावा करण्यासाठी बंदिस्त जलतरण तलावात सुमारे २५ ते ३० किलो ड्राय आइस ओतण्यात आला आणि तिघांचा मृत्यू झाला. पाण्याच्या मोठ्या साठ्यामुळे संप्लवन वेगाने झाले, जड वायू पाण्याच्या पृष्ठभागावर पसरला, आणि पोहणाऱ्याचे नाक त्याच पृष्ठभागावर असते.

कलेची गरज आणि हवेची गरज :

ड्राय आइसच्या वापरातील खरी अडचण अशी की, परिणाम चांगला दिसण्यासाठी जे करावे लागते तेच सुरक्षिततेच्या विरुद्ध जाते. वाऱ्याच्या झुळकेने धुके फाटते, म्हणून दिग्दर्शक पंखे व वातानुकूलन बंद करावयास सांगतो, विंगेची दारे लावून घेतो. त्यामुळे धुके टिकते आणि वायूही टिकतो. यातून मार्ग काढायचा तर तो वेळेच्या नियोजनातूनच निघतो. धुक्याचा प्रवेश दोन-तीन मिनिटांचा ठेवावा, ड्राय आइस आधी वजन करूनच टोपलीत घालावा आणि प्रवेश संपताच दारे उघडून हवा खेळती करावी. छताजवळचा उत्सर्जक पंखा येथे फारसा उपयोगी नाही, कारण वायू खाली असतो. तालमीत एकच प्रवेश पाच-सहा वेळा केला जातो, हेही विसरले जाते. प्रयोगात ३ किलो लागणारा परिणाम तालमीत १५ किलोंवर जातो, आणि तालमीची खोली बहुधा नाट्यगृहाहून बरीच लहान असते.

धुके म्हणजे पाणीच असल्याने लाकडी फळ्या आणि विनाइलचे आच्छादन निसरडे होते. अनवाणी नर्तकांसाठी ही बाब किरकोळ नाही. पुढील प्रवेशापूर्वी फरशीपुसणे फिरविण्याइतका अवकाश संहितेतच ठेवणे इष्ट ठरते.

हाताळणी, वाहतूक आणि उरलेला माल :

उघड्या त्वचेला ड्राय आइसचा काही सेकंदांहून अधिक स्पर्श झाल्यास त्वचा गोठून भाजल्यासारखी जखम होते. जाड उष्णतारोधक हातमोजे, चिमटा आणि फोडताना चष्मा ही किमान साधने होत. जखम झाल्यास कोमट पाणी वापरावे, चोळू नये. तो खाण्यापिण्याच्या वस्तूंजवळ ठेवू नये. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राम येथील एका उपाहारगृहात मुखशुद्धी समजून ड्राय आइस तोंडात घातल्याने पाच जणांना रक्ताच्या उलट्या होऊन रुग्णालयात न्यावे लागले होते. झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत, थर्मासमध्ये किंवा पिंपात तो कधीही भरू नये. साडेपाचशे लिटर वायूला वाट न मिळाल्यास भांडे फुटते.

कारखान्यातून नाट्यगृहापर्यंतचा प्रवासही जोखमीचा आहे. मोटारीच्या आतील हवेचे आकारमान सुमारे ३ घनमीटर धरले, तर वाटेत केवळ अर्धा किलो ड्राय आइसचे संप्लवन झाले तरी बंद काचांआड कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ९ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आतलीच हवा फिरविणारे वातानुकूलन त्यात भर घालते. मालवाहू टेम्पोच्या उघड्या हौद्यातून नेणे हा सरळ उपाय आहे.

चांगल्या थर्मोकोलच्या पेटीतूनही दिवसाला दोन ते पाच किलो ड्राय आइस सहज उडून जातो. प्रयोग संपल्यावर उरलेला माल रंगभूषेच्या खोलीत किंवा जिन्याखालच्या कोठीत ठेवून मंडळी निघून जातात. ३ मीटर लांबी, रुंदी व उंचीच्या बंद खोलीत ५ किलो ड्राय आइस रात्रभर उडाला तर तेथील प्रमाण १० टक्क्यांच्या घरात जाते. तो उघड्या जागी, माणसांपासून दूर, पसरून उडू द्यावा; मोरीत किंवा नाल्यात ओतू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीचे दार प्रथम उघडणारी व्यक्ती बहुधा नाट्यगृहाची सफाई कर्मचारी असते, आणि आदल्या रात्री प्रयोगात काय वापरले गेले हे तिला कोणी सांगितलेले नसते. पेटीवर आणि खोलीच्या दारावर मराठीत, मोठ्या अक्षरांत, तारीख-वेळेसह सूचना चिकटविणे हे नेपथ्यव्यवस्थापकाचे त्या दिवसाचे शेवटचे काम असले पाहिजे.